वनस्पती, शिंपला की कृमी? लोफोफोरधारी प्राण्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास



स्प्रिंगची लांबी लावलेल्या बलाच्या प्रमाणात वाढते, हा रॉबर्ट हुकचा नियम तुम्ही शाळेतच शिकलात. तुमच्यापैकी जे अभियांत्रिकीला आहेत, त्यांना तो दर सत्रात कुठे ना कुठे भेटतो. याच हुकने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने 'सेल' म्हटले, ही गोष्ट जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असते. त्याच ग्रंथात एका 'समुद्री शेवाळा'चेही वर्णन आणि चित्र आहे. त्याच्या पानासारख्या पृष्ठभागावर ओळीने मांडलेली असंख्य बारीक छिद्रे हुकने काळजीपूर्वक काढली आहेत.

ते शेवाळ नव्हते. आज आपण त्याला 'फ्लस्ट्रा' म्हणतो. ती हजारो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते आणि हुकने काढलेला एकेक कप्पा म्हणजे एकेका प्राण्याचे घर. हुकचे चित्र बरोबर होते, नाव चुकले. कप्प्यातून बाहेर येणारा प्राणी त्याला दिसला नव्हता.

या टिपणाचा विषय अशाच चुकांचा इतिहास आहे. ब्रायोझोआ, ब्रॅकिओपोडा आणि फोरोनिडा हे तीन प्राणिसंघ आज 'लोफोफोरधारी' म्हणून एकत्र शिकवले जातात. परीक्षेसाठी आपण त्यांचा तक्ता पाठ करतो. पण गेल्या साडेतीनशे वर्षांत या प्राण्यांना वनस्पती, शिंपले आणि कृमी अशा तीन वेगळ्या खणांत ठेवले गेले, आणि ठेवणारे सगळेच मोठे अभ्यासक होते. म्हणून वाचताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारा : त्या माणसाच्या हातात त्या वेळी कोणता पुरावा होता?

१. लोफोफोर म्हणजे काय?

आधी शरीररचना पाहू. तोंडाभोवती कड्यासारखी किंवा घोड्याच्या नालासारखी मांडलेली संस्पर्शकांची रांग म्हणजे लोफोफोर. संस्पर्शक म्हणजे लांब, लवचिक बोटांसारखे अवयव. हे संस्पर्शक आतून पोकळ असतात आणि ती पोकळी शरीरातल्या द्रवाने भरलेल्या देहगुहेचाच भाग असते. संस्पर्शकांवर पक्ष्माभिका असतात, म्हणजे सतत हालणारे अतिसूक्ष्म केस. त्यांच्या हालचालीने पाण्याचा प्रवाह निर्माण होतो, पाण्यातले बारीक अन्नकण अडवले जातात आणि तोंडाकडे सरकवले जातात. लोफोफोर हा एकाच वेळी पंपही आहे आणि गाळणीही. श्वसनासाठी लागणारी वायूंची देवघेवही बऱ्याच अंशी येथेच होते.

दुसरे लक्षण अन्ननलिकेचे. ती इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळलेली असते. तोंड संस्पर्शकांच्या कड्याच्या आत आणि गुदद्वार कड्याच्या बाहेर उघडते. (काही ब्रॅकिओपोडांना मात्र गुदद्वारच नसते.) एका जागी चिकटून किंवा नळीत राहणाऱ्या प्राण्याला ही मांडणी सोयीची असते. नळीचे एकच टोक उघडे असेल तर खाणे आणि टाकणे, दोन्ही त्याच बाजूला करावे लागते.

आता तिन्ही संघ वेगवेगळे पाहू.

ब्रायोझोआ : बहुतेक वसाहतीने राहतात. एकेक प्राणी साधारण एक मिलिमीटरपेक्षाही लहान. खडक, समुद्रशेवाळ, शिंपले, जहाजांचे तळ यांवर त्यांची जाळीदार पुटे किंवा झुडपे वाढतात. आज सुमारे ६,००० जाती माहीत आहेत, त्यांपैकी काही गोड्या पाण्यात राहतात. धोका जाणवला की स्नायूच्या एका ओढीने लोफोफोर कप्प्यात ओढला जातो. बाहेर काढण्याची युक्ती मात्र वेगळी आहे. अनेक समुद्री जातींत स्नायू कप्प्याचा लवचिक पडदा आत ओढतात, आतल्या द्रवाचा दाब वाढतो आणि लोफोफोर बाहेर ढकलला जातो. द्रव दाबला जात नाही, या तत्त्वावर चालणारी ही छोटीशी हायड्रॉलिक यंत्रणाच आहे.

ब्रॅकिओपोडा : यांना दोन शिंपा असतात आणि आत दोन बाजूंना वळलेले किंवा गुंडाळलेले लोफोफोरचे 'हात' असतात. आज सुमारे ४०० जातीच उरल्या आहेत. जीवाश्मरूपात मात्र १२,००० हून अधिक जातींची नोंद आहे.

फोरोनिडा : कायटिनच्या नळीत राहणारे, कृमीसारखे दिसणारे प्राणी. सगळ्या जगात मिळून जेमतेम पंधरा जाती. बहुतेकांचा लोफोफोर नालाच्या आकाराचा असतो.

एक प्राणी झुडपासारखा, एक शिंपल्यासारखा आणि एक कृमीसारखा. यांना एकत्र आणायला वेळ का लागला, हे आता लक्षात येईल.

२. झुडपातून प्राण्याकडे : ब्रायोझोआ

अठराव्या शतकात पोवळी, स्पंज, फ्लस्ट्रा अशा सगळ्यांची गणना वनस्पतींत किंवा 'प्राणिवनस्पती' अशा मधल्या गटात होत असे. हा समज १७४० च्या दशकात ढासळू लागला. हायड्रावरील प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या अब्राहम ट्रेंबलेने गोड्या पाण्यात तुऱ्यासारखे संस्पर्शक असलेला एक जीव पाहिला आणि १७४४ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. तो ब्रायोझोआच होता. १७५५ साली जॉन एलिस या लंडनच्या व्यापाऱ्याने 'कोरलाइन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समुद्री झुडपांवर पुस्तक लिहिले आणि त्यांतली अनेक झुडपे प्राण्यांची असल्याचे दाखवले. जिवंत नमुना समुद्राच्याच पाण्यात ठेवून भिंगाखाली पाहणे, एवढाच मोठा फरक पडला होता.

तरी एक गोंधळ उरला. हायड्रासारख्या प्राण्यांनाही संस्पर्शक असतात आणि ब्रायोझोआलाही. म्हणून दोघांना 'पॉलिप' या एकाच नावाखाली ठेवले गेले. हा गुंता सोडवण्यासाठी संस्पर्शकांच्या खाली, अन्ननलिकेकडे पाहावे लागले. हायड्राच्या पोटाला एकच तोंड असते, त्यातूनच अन्न आत जाते आणि उरलेले बाहेर येते. ब्रायोझोआला मात्र दोन स्वतंत्र द्वारे असलेली वळलेली अन्ननलिका असते. आयर्लंडमधील कॉर्क येथे लष्करी वैद्यकीय सेवेत असलेल्या जॉन व्हॉन टॉम्पसनने १८३० साली हा फरक धरून या प्राण्यांना 'पॉलिझोआ' असे वेगळे नाव दिले. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या एरेनबेर्गने 'ब्रायोझोआ', म्हणजे 'शेवाळ-प्राणी', हे नाव दिले. पुढे अनेक दशके ब्रिटिश अभ्यासक एक नाव वापरत आणि बाकीचे दुसरे. नेल्सन ॲनंडेल हे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पहिले संचालक. त्यांनी १९११ साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत गोड्या पाण्यातील स्पंज, हायड्रा आणि या प्राण्यांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात 'पॉलिझोआ' हाच शब्द आहे. जुने ग्रंथ चाळताना दोन नावांमुळे गोंधळू नका.

मुंबईचाही या इतिहासाशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबईत शल्यचिकित्सक असलेले हेन्री जॉन कार्टर तेथील गोड्या पाण्यातले स्पंज आणि ब्रायोझोआ अभ्यासत असत. प्रतिकूल काळात तग धरणारी ब्रायोझोआची बीजासारखी कळी आणि स्पंजातील तसाच भाग यांची तुलना त्यांनी १८५९ मध्ये केली. लोफोपोडेला कार्टेरी या जातीच्या नावात त्यांचे नाव टिकून आहे.

आणखी एक नोंद तुमच्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी. मार्च १८२७ मध्ये एडिनबरोतील वैद्यकशास्त्राच्या एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीसमोर आपले पहिले संशोधन मांडले. फ्लस्ट्राची जी 'अंडी' समजली जात, ती पक्ष्माभिकांच्या साहाय्याने स्वतः पोहतात, असे त्याने दाखवले. ती प्रत्यक्षात डिंभ, म्हणजे अपरिपक्व अवस्थेतली पिल्ले होती. त्या विद्यार्थ्याचे नाव चार्ल्स डार्विन.

३. शिंपला की कृमी : ब्रॅकिओपोडा

ब्रॅकिओपोडांच्या दोन शिंपा पाहून लिनिअसने त्यांना शिंपल्यांत ठेवले, यात नवल नाही. कुव्हिएने १८०२ मध्ये लिंगुला या प्राण्याचे विच्छेदन केले. आतली रचना नेहमीच्या शिंपल्यापेक्षा वेगळी आहे हे त्याला दिसले, तरी त्याने त्यांना मृदुकाय प्राण्यांतच स्वतंत्र गट म्हणून ठेवले. १८०६ मध्ये द्युमेरिलने 'ब्रॅकिओपोडा' हे नाव रूढ केले. त्याचा अर्थ 'बाहुपाद'. आतले गुंडाळलेले हात शिंपल्याच्या पायाच्या जागी आहेत, अशी तेव्हाची समजूत होती. समजूत गेली, नाव राहिले.

शिंपला आणि ब्रॅकिओपोड यांतला फरक तुम्ही घरीही समजून घेऊ शकता. बाजारातल्या तिसऱ्या हातात घ्या. तिच्या दोन शिंपा प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला असतात आणि साधारणपणे एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. ब्रॅकिओपोडात एक शिंप पाठीकडे आणि दुसरी पोटाकडे असते. दोन्ही आकाराने वेगळ्या असतात, पण प्रत्येक शिंपेचे डावे-उजवे अर्ध एकमेकांशी जुळते. दुसरा फरक यंत्रणेचा. शिंपल्याला उघडणारा भाग म्हणजे बिजागरीजवळचा लवचिक पट्टा, स्नायू फक्त बंद करण्यासाठी. म्हणून मेलेला शिंपला आपोआप उघडतो. ब्रॅकिओपोडात उघडण्यासाठी आणि मिटण्यासाठी वेगवेगळे स्नायू असतात. बाहेरून सारखी दिसणारी दोन यंत्रे आतून वेगळ्या तत्त्वावर चालतात.

हेन्री मिल्न-एडवर्ड्सने १८४३ मध्ये ब्रायोझोआ आणि समुद्री पिचकारी (ट्युनिकेट) यांचा 'मोलस्कॉइडिया' म्हणजे 'मृदुकायसदृश' असा गट केला, पुढे ब्रॅकिओपोडाही त्यात आले. पण १८६६ मध्ये कोव्हालेव्हस्कीने दाखवले की ट्युनिकेटच्या डिंभात पृष्ठवंशी प्राण्यांसारखा पृष्ठरज्जू असतो. म्हणजे हा गटातला पाहुणा थेट आपल्या नात्यातला निघाला. प्रौढ प्राण्यापेक्षा त्याची पिल्ले जास्त खरे सांगतात, हा धडा या काळाने दिला.

तोच धडा एडवर्ड मोर्स याने ब्रॅकिओपोडांना लावला. अमेरिकेतल्या मेन राज्यातला हा माणूस तरुणपणी रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात आराखडे काढत असे, पुढे लुई अगासीझकडे शिकला. ब्रॅकिओपोडांचे डिंभ खंड पडल्यासारखे दिसतात आणि प्रौढांच्या शिंपांच्या कडेला गांडुळाच्या कुळातल्या वलयी कृमींसारखे ताठ केस असतात, हे पाहून १८७० मध्ये त्याने हे शिंपले नसून कृमी आहेत, असा दावा केला. अधिक नमुने मिळावेत म्हणून तो १८७७ मध्ये जपानला गेला आणि एनोशिमा येथे त्याने छोटी समुद्री प्रयोगशाळा उभारली. योकोहामाहून टोकियोला जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्याला रुळांलगतच्या कापलेल्या उतारात शिंपल्यांचा थर दिसला. तो ओमोरी येथील प्राचीन माणसाने टाकलेल्या शिंपल्यांचा ढिगारा होता. त्याच्या उत्खननातून जपानमधील आधुनिक पुरातत्त्वशास्त्राची सुरुवात झाली. शिंपांसारख्या दिसणाऱ्या, पण शिंपले नसलेल्या प्राण्यांच्या शोधात निघालेला माणूस खऱ्या शिंपल्यांमुळे इतिहासात गेला.

भारतात ब्रॅकिओपोडांची मोठी ओळख जीवाश्मांतून झाली. फर्डिनांड स्टोलिझ्काने दक्षिण भारतातील क्रिटेशस काळातील ब्रॅकिओपोडांचे वर्णन १८७२ मध्ये, तर किचिनने कच्छमधील ज्युरासिक काळातील ब्रॅकिओपोडांचे वर्णन १९०० मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' या मालिकेत प्रसिद्ध केले. जीवाश्मात सहसा शिंपाच उरतात. काही गटांत मात्र लोफोफोरला आधार देणारी चुनखडीची नाजूक गुंडाळीही टिकते, आणि मऊ अवयव केव्हाच नाहीसा झालेला असला तरी त्याचा आकार कळतो. लिंगुला तर आजही ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिखलात बिळे करून राहते.

४. पिल्लू आधी, प्राणी नंतर : फोरोनिडा

फोरोनिडांची गोष्ट उलटी आहे. १८४६ मध्ये योहानेस म्युलरला हेलिगोलँड बेटाजवळ समुद्राच्या पाण्यात तरंगणारा, संस्पर्शकांचा झालर असलेला सूक्ष्म प्राणी सापडला. त्याने तो पूर्ण वाढलेला प्राणी समजून 'ॲक्टिनोट्रोका' असे नाव दिले. दहा वर्षांनी, १८५६ मध्ये, स्कॉटलंडच्या टी. एस. राइटने नळीत राहणाऱ्या 'फोरोनिस' या प्राण्याचे वर्णन केले. दोघांचा काही संबंध आहे हे कुणाच्या ध्यानी नव्हते. पुढील दहा-बारा वर्षांत निरीक्षकांनी ॲक्टिनोट्रोकाचे रूपांतर पाहिले, आणि १८६७ मध्ये कोव्हालेव्हस्कीने तो फोरोनिसचाच डिंभ असल्याचे पक्के केले. एकाच प्राण्याची बाल्यावस्था आणि प्रौढावस्था अशी दोन नावांनी ग्रंथांत नांदत होती.

५. एका अवयवाच्या नावाखाली

आता तिन्ही धागे एकत्र येतात. 'लोफोफोर', म्हणजे 'तुरा धारण करणारा', हा शब्द जॉर्ज ऑलमनने गोड्या पाण्यातील ब्रायोझोआंवरील १८५६ च्या ग्रंथात वापरला. १८७० च्या सुमारास निट्शेने ब्रायोझोआंचे दोन भाग केले : ज्यांचे गुदद्वार संस्पर्शकांच्या कड्याच्या आत असते ते, आणि ज्यांचे बाहेर असते ते. पहिले, म्हणजे एंटोप्रोक्टा, पुढे स्वतंत्र संघ झाले. १८८८ मध्ये हात्शेकने उरलेले ब्रायोझोआ, ब्रॅकिओपोडा आणि फोरोनिडा यांना 'टेन्टॅक्युलाटा' या नावाने एकत्र केले. १९५९ मध्ये लिबी हायमन यांनी अपृष्ठवंशी प्राण्यांवरील आपल्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात लोफोफोरची नेमकी व्याख्या दिली : तोंडाला वेढणारा, गुदद्वाराला न वेढणारा आणि आत देहगुहा असलेला संस्पर्शकधारी भाग. आपल्या पाठ्यपुस्तकांतली व्याख्या येथूनच आली.

पण येथेच मुख्य प्रश्न उभा राहतो. अवयव सारखा असला म्हणजे नाते सिद्ध होते का? एका जागी बसून पाण्यातले कण गाळायचे असतील तर पक्ष्माभिका असलेल्या संस्पर्शकांचा पंखा ही उत्तम रचना आहे. वलयी कृमींतल्या पिसाऱ्यासारख्या जातींनी असाच पंखा स्वतंत्रपणे मिळवला. देवमासा आणि रोहित पक्षी दोघेही तोंडातल्या गाळणीने अन्न गाळतात, म्हणून आपण त्यांना भावंडे मानत नाही. अभियांत्रिकीत आपल्याला याची सवय असते : दोन कारखान्यांत एकमेकांना न विचारता सारखा पंप बनू शकतो, कारण काम सारखे असते. रचनेतले साम्य दोन कारणांनी येते, समान पूर्वजामुळे किंवा समान कामामुळे. वर्गीकरणाचे सगळे कौशल्य हे दोन वेगळे ओळखण्यात आहे.

६. भ्रूण एक सांगतो, डीएनए दुसरे

विसाव्या शतकात भ्रूणविज्ञानाने आणखी एक कल दाखवला. प्राण्यांच्या एका मोठ्या शाखेत, द्वितीयमुखींत, भ्रूणाला प्रथम पडणाऱ्या छिद्राजागी तोंड होत नाही, ते नंतर दुसरीकडे तयार होते. तारामासे आणि आपण याच शाखेत येतो. लोफोफोरधारींच्या भ्रूणपेशींचे विभाजन आणि तीन भागांत विभागलेली वाटणारी देहगुहा पाहून अनेकांनी त्यांना या शाखेच्या जवळ नेले. टेरोब्रँक नावाच्या द्वितीयमुखी प्राण्यांनाही पोकळ संस्पर्शक असलेले हात असतात, त्यामुळे हे म्हणणे आणखी पटत असे.

१९९५ मध्ये केनेथ हॅलॅनिच आणि सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या एका जनुकाचा क्रम तुलनेसाठी घेतला. लोफोफोरधारी द्वितीयमुखींजवळ नव्हते. ते मृदुकाय आणि वलयी कृमी यांच्या सोबत बसले. या मोठ्या समूहाला 'लोफोट्रोकोझोआ' हे नाव मिळाले. आता मागे वळून पाहा. शिंपल्यांत ठेवणारा कुव्हिए आणि कृमींत ठेवणारा मोर्स, दोघेही शब्दशः चुकले होते, पण दोघांनी बोट ठेवलेली दिशा बरीच बरोबर होती.

तरी तिघे सख्खे आहेत का, हा वाद संपला नाही. पुढील वर्षांत अनेक जनुकीय विश्लेषणांत ब्रॅकिओपोडा आणि फोरोनिडा जवळ येत, पण ब्रायोझोआ दूर जात. म्हणजे लोफोफोर दोनदा तयार झाला असावा, असे म्हणायची वेळ आली. २०१३ पासून मोठ्या जनुकसंचांवरील काही विश्लेषणांनी पुन्हा तिघांना एकत्र आणले. आज 'लोफोफोरेटा' हा गट पुष्कळांना मान्य आहे, पण पाठ्यपुस्तकात दोन्ही मते दिसली तर गोंधळू नका.

जीवाश्मांनीही अलीकडे यात भर घातली. हायोलिथ या शंकूसारख्या कवचाच्या प्राण्यांचे नाते दीर्घकाळ अनिश्चित होते. २०१७ मध्ये मऊ भाग टिकलेल्या नमुन्यांवरून त्यांना लोफोफोरसारखा अवयव असल्याचे मांडले गेले. आणि २०२१ मध्ये प्रोटोमेलिशन या कँब्रियन काळातील सूक्ष्म जाळीदार जीवाश्माला सर्वात जुना ब्रायोझोआ ठरवण्यात आले. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, चीनमधील अधिक चांगल्या नमुन्यांवरून दुसऱ्या गटाने सांगितले की तो प्राणी नसून हिरवे शेवाळ असावे.

हुकने प्राण्याला शेवाळ म्हटले होते. साडेतीनशे वर्षांनी कदाचित शेवाळाला प्राणी म्हटले गेले. दोन्ही वेळी हातात जाळी होती, जाळीत राहणारा जीव दिसत नव्हता.

७. हे आपण का शिकायचे?

परीक्षेत तक्ता लिहावा लागेल, तो लिहा. पण त्यातली प्रत्येक ओळ हा एका वादाचा सध्याचा निकाल आहे, हे विसरू नका. हुककडे भिंग होते, एलिसकडे समुद्राच्या पाण्यातला जिवंत नमुना, टॉम्पसनकडे विच्छेदन, मोर्सकडे डिंभ, हॅलॅनिचकडे जनुकाचा क्रम. साधन बदलले की प्रश्न बदलला आणि प्रश्न बदलला की तक्ता बदलला. जो विद्यार्थी तक्त्यासोबत त्यामागचा पुरावा लक्षात ठेवतो, त्याला उद्या तक्ता बदलला तरी पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही.

स्वाध्याय

१. शिंपला आणि ब्रॅकिओपोड यांच्या शिंपांची सममिती व उघडण्याची यंत्रणा आकृती काढून समजावून सांगा.

२. हायड्रा आणि ब्रायोझोआ यांना वेगळे करण्यासाठी कोणता अवयव निर्णायक ठरला आणि का?

३. डिंभाच्या अभ्यासामुळे वर्गीकरण बदलल्याची या टिपणातील तीन उदाहरणे द्या.

४. तुमच्या स्वतःच्या विषयातील अशी एक जोडी शोधा, जिच्यातील साम्य समान मुळामुळे नसून समान कामामुळे आले आहे. ते तुम्ही कशावरून ठरवले, ते लिहा.